आमची वाटचाल : डब्यावरचं स्टिकर

नाशिकच्या सातपूरमधल्या त्या कारखान्याला आलेलं ४,३६,००० रुपयांचं फोनचं बिल आमच्यामुळे आलेलं नव्हतं. वाटचाल लिहायला बसले तर मुलगी म्हणाली, "आई, दसऱ्याच्या पूजेपासून सुरू कर, सगळे तसंच करतात." पूजाही येईल पुढे. पण अंबड-सातपूरला गेली बारा वर्षं आमच्या, म्हणजे कारखान्यांचे फोन आणि एक्स्चेंज बसवणाऱ्या फर्मचं नाव निघालं की पाठोपाठ त्या बिलाचा विषय निघतो, म्हणून पहिली ओळ त्यालाच दिली.

मी मूळची ऑपरेटर. १९९३ ते १९९९ एमआयडीसीतल्या एका दुसऱ्याच कारखान्यात बोर्डवर बसायचे. ६ ट्रंक, म्हणजे बाहेरच्या लाइनी, आणि ४८ एक्स्टेन्शन, म्हणजे आतले फोन. दुपारनंतर सहापैकी दोन-तीन ट्रंक हँग व्हायच्या. समोरच्याने फोन ठेवला तरी एक्स्चेंजला कळायचं नाही आणि लाइन अडकून पडायची. इंजिनिअर मुंबईहून यायचा, तोही तिसऱ्या दिवशी, आणि तोवर बोलणी मी खायचे. एका शनिवारी मॅन्युअल घरी नेलं, रात्री कुकर लावता लावता वाचलं. डिस्कनेक्ट टोन किती वेळ ऐकल्यावर लाइन सोडायची, ते सेटिंग कोणी कधी हातच लावला नाही अशा अवस्थेत होतं. सोमवारी एक्स्टेन्शनवरूनच कोड फिरवून प्रोग्रामिंगमध्ये शिरले, आकडा बदलला, लांब बीप ऐकला. त्यानंतर ट्रंक हँग झाली नाही. साहेबांनी मलाच मुंबईचा नंबर लावून द्यायला सांगितला आणि इंजिनिअरला म्हणाले, आता येऊ नका.

त्याच कारखान्याच्या डीपीवर, म्हणजे लाइनी जोडायच्या पेटीवर, टेलिफोन खात्याचे एक लाइनमन यायचे. सगळं सातपूर त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायचे. १९९९ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच दसऱ्याला आम्ही दोघांनी शालिमारजवळ जिन्याखालच्या एका खोलीत पूजा मांडली. भांडवल म्हणजे माझ्या पीएफचे ३८,००० रुपये आणि मामांची हत्यारं. पाटावर वायरी बसवायचं क्रोन टूल, मल्टीमीटर आणि टेस्ट फोन ठेवला, आपट्याची पानं वाहिली.

हत्यारांबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे, कारण आजच्या मुलांच्या बॅगेत लॅपटॉप असतो आणि बाकी काही नसतं. मामांचं क्रोन टूल पिवळट पडलेलं होतं, पण पातं शाबूत. वायर खाचेत बसवून दाबलं की आत स्प्रिंग सुटते, वायर बसते आणि उरलेलं शेपूट कापलं जातं, एकाच टक्क आवाजात. टूल उलटं धरलं तर आतली वायर कापली जाते आणि शेपूट राहतं. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून असं झालं तेव्हा मामा काही बोलले नाहीत, फक्त टूल माझ्या हातात फिरवून दिलं. जेलीची केबल सोलताना ते रंग पुटपुटायचे : ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन, स्लेट. आधी व्हाइटबरोबर, मग रेड, ब्लॅक, यलो, व्हायोलेट. २५ जोड्या, अंधारात बॅटरीच्या उजेडातसुद्धा चुकायच्या नाहीत. लाइन जिवंत आहे का, हे ते ओल्या बोटाने बघायचे. ४८ व्होल्ट डीसी, काही होत नाही म्हणायचे. पण नेमकी घंटी आली तर तिथे ७५-८० व्होल्ट एसी असतो, आणि तो मी एकदाच अनुभवला आहे. मी मल्टीमीटर लावते. तुम्हीही लावा.

आमचं नाव झालं ते पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमुळे. मालकांना सगळे तात्या म्हणतात. २००३ मध्ये त्यांच्याकडे १६ एक्स्टेन्शनची सिस्टीम होती आणि दर हंगामात निम्मे फोन मुके व्हायचे. आधीच्या माणसाने फोन कोल्ड स्टोरेजच्या आत लावले होते. आत तापमान शून्याच्या आसपास, बाहेर मार्चचं ऊन, दार सतत उघडतंय. रिसिव्हरच्या माइकवर पाणी धरायचं. शिवाय निर्यातीच्या पेट्यांत द्राक्षं टिकावीत म्हणून सल्फर डायऑक्साइडचे पॅड घालतात. त्या वायूला ओल मिळाली की तांब्याचं काय होतं ते मी तिथे बघितलं. क्रोनचे संपर्क काळे पडलेले, रोझेट बॉक्समधले, म्हणजे फोनची वायर भिंतीवर जिथे जोडतात त्या डबीतले, स्क्रू हिरवे. आम्ही सगळे फोन दाराबाहेरच्या भिंतीवर आणले, एमडीएफ, म्हणजे सगळ्या लाइनी एकत्र येतात ती चौकट, पॅकिंग हॉलमधून उचलून ऑफिसात नेला, रोझेटमध्ये ग्रीस भरलं. हंगाम निघाला. जूनच्या तोंडाला वळवाच्या पावसात वीज पडली आणि वजनकाट्याकडे जाणाऱ्या केबलवरून येऊन दोन कार्डं जाळून गेली. तेव्हा अर्थिंगचा नवा खड्डा घेतला, कोळसा-मीठ घातलं, एमडीएफला विजेचा झटका जमिनीत सोडणारे गॅस ट्यूबचे अरेस्टर लावले. तात्या खड्ड्याशेजारी उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "ताई, आजवर जो आला तो फोन बदलून गेला. जमीन खणणारी तूच पहिली." त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाचं कोटेशन गेलेलं नाही.

इंटरनेटवरच्या फोनकडे आम्ही २००९ मध्ये वळलो. अंबड आणि सिन्नर अशा दोन ठिकाणी कारखाना असलेल्या एका ग्राहकाला दोन्हीकडचे इंटरकॉम एक करून हवे होते. त्यांची लीज लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन, आधीपासून होती. दोन्हीकडे एकेक साधा संगणक, त्यावर एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क, ट्रंकसाठी गेटवे, म्हणजे साध्या लाइनी संगणकाला जोडणारा डबा. अ‍ॅस्टरिस्क मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन मुलाने १९९९ मध्ये लिहायला घेतलं, कारण त्याला स्वतःच्या छोट्या धंद्यासाठी एक्स्चेंज हवं होतं आणि विकतचं परवडत नव्हतं. आमच्या पूजेचं वर्षही तेच, म्हणून मला त्याचं अप्रूप आहे. पहिल्या दिवशी अंबडहून बोललेलं सिन्नरला ऐकू येत होतं, सिन्नरचं अंबडला येत नव्हतं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कारण सांगायला नको. राउटर मधल्या मधे नेटवरच्या कॉलचे पत्ते बदलत होता. त्याचं ते सेटिंग, सिपचं एएलजी, बंद केलं, आवाज आला. मामा त्या वेळी सत्तरीला आलेले. त्यांनी नेटवर्कची केबल हातात घेऊन विचारलं, "यात रंग किती?" म्हटलं चार जोड्या. "मग सोपंय," म्हणाले, आणि क्रिम्पिंग टूल मागून घेतलं.

आता ते बिल.

आमच्याकडे सहा वर्षं काम केलेला एक मुलगा २०१२ मध्ये बाहेर पडला. हुशार होता. मी त्याला मुलासारखं शिकवलं, याचं मला आजही वाईट वाटत नाही. जाताना तो एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल करारांची, वही घेऊन गेला. त्यात ग्राहक, त्यांच्या तारखा, आणि माझा निष्काळजीपणा म्हणजे काही ठिकाणचे राउटरचे पासवर्डसुद्धा. आम्ही ज्या कामाचे वर्षाला १८,००० घ्यायचो ते तो ६,००० मध्ये करू लागला. एवढ्या पैशात दर महिन्याची व्हिजिट होत नाही, बॅकअप होत नाही, बॅटरी तपासली जात नाही. पण खरेदी विभागाला कागदावर फक्त आकडा दिसतो.

सातपूरचा कारखाना मात्र आमच्याकडेच होता. ६० फोनची नवी सिस्टीम आम्हीच बसवलेली, पीआरआय लाइन, ३० चॅनेल, म्हणजे एका वेळी तीस कॉल. त्याचे ३,१०,००० यायचे होते. २०१३च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या अ‍ॅडमिन मॅनेजरना घरी बसून ऑफिसचं एक्स्टेन्शन मोबाइलवर हवं होतं. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. बाहेरच्या इंटरनेटवरून आलेला कॉल पीआरआयवर सोडणं तेव्हाच्या नियमांत बसत नव्हतं, आणि त्यासाठी राउटरचा ५०६० पोर्ट, म्हणजे नेटवरचे कॉल जिथून आत येतात ते दार, जगाला उघडा करणं म्हणजे दुकानाचं शटर अर्धं वर ठेवून घरी जाणं. त्यांनी परस्पर त्या मुलाला बोलावलं. १,५०० रुपये. त्याने पोर्ट उघडला, २५१ नंबरचं एक्स्टेन्शन तयार केलं आणि पासवर्डही २५१ ठेवला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, रविवारी ३ नोव्हेंबरला, कारखाना बंद. वॉचमन गेटवर. रात्री ११.४२ ला कुठल्या तरी परदेशी पत्त्यावरून कोणी तरी २५१ म्हणून लॉगिन झालं. माणूस नसतोच तिथे. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम असतात, ते नंबर आणि पासवर्ड जुळवत राहतात. एकदा आत आले की दूरदूरच्या देशांतल्या महागड्या नंबरांवर कॉल लावतात, आणि त्या मिनिटांच्या पैशातला वाटा चोरांना मिळतो. तीसच्या तीस चॅनेल पहाटे ५.०६ पर्यंत भरलेली होती. मग लाइन देणाऱ्यांच्या बाजूने आयएसडी, म्हणजे परदेशी कॉलची सोय, आपोआप बंद झालं.

पाडव्याला सकाळी वॉचमनने सांगितलं की फोन लागत नाही, म्हणून मी गेले. सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, उघडला तर पानांमागून पानं २५१. मी तिथेच राउटरचं सेटिंग उतरवून घेतलं. माझ्याकडे ५ ऑक्टोबरच्या व्हिजिटचा बॅकअप होता, त्यात ५०६० बंद होता. दोन्ही कागद शेजारी ठेवले की शाळेतल्या पोरालाही कळावं. मी ते मॅनेजरच्या टेबलावर ठेवले. त्यांनी मोबाइलवरच्या एक्स्टेन्शनचा उल्लेखही केला नाही. म्हणाले, "मॅडम, डब्यावर स्टिकर कोणाचं आहे?"

स्टिकर आमचं होतं. आमचा फोन नंबर, आमचं नाव, बसवल्याची तारीख. मॅनेजरनी मोठ्या साहेबांना खाली बोलावलं, त्यांना सिस्टीमचा रॅक दाखवला, तोच प्रश्न विचारला. माझे कागद कोणी वाचले नाहीत.

माझ्या बाजूने काय राहून गेलं तेही लिहिते. त्यांचा माल परदेशी जायचा म्हणून आयएसडी चालू ठेवणं भाग होतं, पण ते सकाळी ९ ते रात्री ८ एवढंच चालेल अशी वेळ लावता आली असती. मी लावली नव्हती. ती लावली असती तर पोर्ट कोणी कितीही उघडला असता तरी बिल आलं नसतं. त्यानंतर आमच्या एकाही सिस्टीममध्ये आयएसडी रात्री उघडं राहिलेलं नाही. पण कुलूप कमी पडलं म्हणून चोरी घरच्यानेच केली असं होत नाही.

त्यांनी आमचे ३,१०,००० अडवले. ते फोन मी मुंबईच्या डिस्ट्रिब्युटरकडून उधारीवर आणले होते, पुढच्या तारखांचे चेक देऊन. त्या मुलाने गावभर सांगितलं की यांच्या सिस्टीम हॅक होतात. चार महिन्यांत ११ ग्राहक गेले. त्यातल्या दोघांनी मला तोंडावर सांगितलं, बाकीच्यांनी फोन उचलणं सोडलं. फोन आम्हीच बसवलेले, त्यामुळे न उचललेल्या घंटा कुठे कुठे वाजत असतील ते मला खोलीनिशी माहीत होतं. जानेवारीत पाटल्या बँकेत ठेवल्या. तीन मुलांचे पगार केले. मामांनी पाकीट घेतलंच नाही. म्हणाले, माझी पेन्शन चालू आहे, आणि रोजच्यासारखे दहाला येऊन टेबलावर सोलून ठेवलेल्या वायरी नीट करत बसले.

वकिलाचा सल्ला घेतला. केस उभी राहील म्हणाले, किती वर्षं चालेल ते सांगू शकले नाहीत. मी सोडून दिलं. आजही कधी कधी वाटतं, सोडायला नको होतं.

फेब्रुवारीत पॅकहाऊसच्या ऐन गर्दीत तात्यांनी बोलावलं. मला वाटलं, हेही गेले. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आत बायका घड विंचरतायत, तात्या खुर्ची टाकून काट्याजवळ बसलेले. म्हणाले, "ताई, तुझ्याबद्दल एक जण सांगून गेला इथे." मी काय झालं ते सांगायला लागले तर हात वर केला. "मला ते पोर्ट-बीर्ट कळत नाही. ह्या जागेवर दहा वर्षं घंटी वाजती, एवढं कळतं." मग तीन वर्षांच्या एएमसीचा चेक आगाऊ लिहिला आणि म्हणाले, आता ह्या कुजक्या केबली काढ, तुझं ते नवं इंटरनेटवालं बसव, हंगाम संपला की. त्या कामात आम्ही ऑफिस, पॅकिंग हॉल, प्री-कूलिंग आणि काटा यांच्यामधलं सगळं तांबं काढून फायबर टाकलं. फायबरवरून वीज चालत येत नाही. त्यानंतर तिथे एकही पोर्ट जळलेला नाही. तात्यांनी निफाड, दिंडोरीकडच्या सहा पॅकहाऊसना आमचं नाव सांगितलं, आणि फर्म एमआयडीसीच्या जिवावर नाही, द्राक्षांच्या जिवावर उभी राहिली. पाटल्या २०१५च्या कुंभमेळ्याआधी सोडवून आणल्या.

नंतरची पाच वर्षं बरी गेली. पगार वेळेवर झाले. लॉकडाऊनमध्ये लोकांची एक्स्टेन्शन घरी दिली, व्हीपीएनमधून, म्हणजे नेटवरच्या खासगी बंद वाटेने, पोर्ट न उघडता. मामा २०१८ मध्ये गेले.

एक दिवस मात्र सांगते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावून फोन करायचा नियम लागू झाला. तो दिवस किंक्रांतीचा. जुन्या एक्स्चेंजमध्ये एसटीडी लॉक म्हणजे ट्रंक घेतल्यावर पहिला अंक शून्य आला की कॉल तोडायचा. त्यामुळे लॉक असलेल्या प्रत्येक एक्स्टेन्शनवरून मोबाइल बंद. सकाळपासून नाशिकमध्ये ऑपरेटर लोक वैतागलेले, सर्व्हिसवाले गाड्या घेऊन पळतायत. आमच्या आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या, सिस्टीममध्ये एक ओळ घालायची होती : ६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की पुढे शून्य जोडून पाठव. भोगीच्या रात्री मी आणि मुलीने बसून सगळीकडे ती घातली, शेवटची तात्यांकडे. किंक्रांतीला आमच्या ग्राहकांपैकी कोणाचाही फोन आला नाही. आम्हाला सोडून गेलेल्या अकरापैकी चौघांचे आले.

ते चौघे आता आमच्याकडे आहेत. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, कोणाला उपयोग झाला तर बरंच.

आवाज तुटतो म्हणून नेटचा वेग वाढवू नका. एका कॉलला जेमतेम ९० केबीपीएस लागतात, तीस कॉल तीन एमबीपीएसच्या आत बसतात. आवाज तुटतो तो फोन आणि सीसीटीव्ही एकाच नेटवर्क स्विचवर रांगेत उभे केले म्हणून. फोनचा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचमधली स्वतंत्र वाट, वेगळा करा, आवाजाला आधी जाऊ द्या. केबल घेताना टोक खरवडून बघा. वरून तांबं आणि आत पांढरं दिसलं तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे, पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून वीज घेणारा, लांबचा फोन त्यावर धड चालत नाही, स्वस्त कोटेशन बरेचदा तिथेच स्वस्त झालेलं असतं. स्विचला यूपीएस द्या, नाहीतर लाइट गेली की साठ फोन एकदम जातात. जुन्या एक्स्चेंजला बॅटरी होती हे लोक विसरतात. लिफ्टमधला इंटरकॉम नेटवर टाकू नका. एक्स्टेन्शनचा नंबर आणि पासवर्ड सारखा ठेवणाऱ्या माणसाला रॅकजवळ उभं करू नका. आणि राउटरचे पासवर्ड वहीत लिहू नका, मी लिहिले होते.

आमच्या स्टिकरवर आता एक ओळ जास्त असते : "रॅक उघडणाऱ्याने आतल्या कार्डावर तारीख व सही करावी." कार्ड दाराच्या आतल्या बाजूला दोरीने बांधलेलं असतं, पेनसकट.

यंदा मार्चमध्ये सातपूरच्या त्याच कारखान्यातून फोन आला. मॅनेजर नवे. जुनी सिस्टीम बदलायची आहे, सर्व्हेला या. मुलगी म्हणाली मी जाते, पण मीच गेले. रॅक त्याच भिंतीवर होता. दारावर तीन स्टिकर, एकावर एक. सगळ्यांत खालचं आमचं, एका कोपऱ्यातून जुन्या लँडलाइनचे शेवटचे तीन आकडे दिसत होते. मी काही बोलले नाही. टेप काढली, अंतरं घेतली. ऑफिसपासून गेट १४० मीटर भरलं. कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची तांब्याची केबल, १०० मीटरच्या पुढे नेता येत नाही, म्हणून गेटला फायबर लिहिलं.

कोटेशनमध्ये पहिली अट आयएसडीची : बंद राहील, उघडायचं असल्यास मालकांच्या सहीचं पत्र. त्याला मी ३ नोव्हेंबर २०१३च्या सीडीआरची चार पानं आणि राउटरचे दोन कागद जोडले, ५ ऑक्टोबरचा आणि पाडव्याचा. नव्या मॅनेजरनी पानं उलटून पाहिली. "मॅडम, हे एवढं जुनं कशाला?"

"तुमच्या फाइलला असू द्या," म्हटलं.

त्यांनी पंच मारून माझ्यासमोर फाइलला लावले. ऑर्डरचं अजून ठरलेलं नाही. गेटपर्यंतच्या चराचा खर्च त्यांना जास्त वाटतोय.